टॉफ्ट यांनी न दिलेलं मत

२० जानेवारी

शॉना,

हे पत्र कशासाठी आहे ते आधी सांगते, म्हणजे बाकीचं वाचताना अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

राज्याच्या सिनेटमध्ये शिक्षेच्या नियमांबद्दल एक विधेयक आलं आहे. आजचा कायदा तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. दरोडा पडताना कोणी मेलं, तर दरोड्यात सामील असलेल्या प्रत्येकाला मारणाऱ्याइतकीच शिक्षा, म्हणजे सुटकेविना जन्मठेप. गोळी कोणी झाडली, आत कोण गेलं, बाहेर गाडीत कोण बसून राहिलं, हे न्यायाधीशाला विचारातच घेता येत नाही. नवा नियम असा की ज्याने त्याने स्वतः काय केलं आणि त्याला काय माहीत होतं, ते पाहून शिक्षा ठरवायची. त्यातलं कलम नऊ महत्त्वाचं आहे. त्यामुळे जुन्या खटल्यांतल्या कैद्यांनाही न्यायाधीशाकडे परत जाता येईल. ते कलम राहिलं तर तुला जाता येईल. ते गाळलं तर विधेयक मंजूर होऊनही तुझ्यासाठी काही बदलणार नाही.

विधेयक सिनेटर हेल्मी माकी यांनी मांडलं आहे. कैद्यांच्या घरच्यांनी समितीपुढे बोलावं असं त्यांना वाटतं, म्हणून त्यांच्या कार्यालयातून मला फोन आला. माझं नाव कुठून मिळालं असं विचारलं, तर "तुमच्या मावशीकडून," म्हणाले. बेव मावशीला जाब विचारला. ती म्हणाली, "मी फक्त नंबर दिला. तुला बोलायचं नसेल तर नको बोलूस. पण मग रविवारी तोंड पाडून माझ्या टेबलाशी जेवायला बसू नको."

मी अजून हो म्हटलेलं नाही. तुझ्या खटल्याबद्दल चारचौघांत बोलायचं तर तुझी परवानगी हवी. हरकत असेल तर कळव. हरकत नसेल तर कळवण्याची गरज नाही.

माझ्याबद्दल: राज्याच्या रस्ते खात्यात पुलांची तपासणी करते. तब्येत ठीक आहे. आपली शेवटची भेट व्हायची होती तेव्हा मी अठरा वर्षांची होते. ती झाली नाही. भेटणाऱ्यांच्या यादीतून तू माझं नाव काढून टाकलंस, हे मला फाटकावरच्या पहारेकऱ्याकडून कळलं. हे पत्र त्याबद्दल नाही.

आपली,
थिया ऑस्टबी

३ फेब्रुवारी

शॉना,

कळवण्याची गरज नाही असं लिहिलं होतं, तरी कळवलंस, आणि तेही चार पानं.

"‘आपली’ अशी सही पाहून वाटलं, आयकरवाल्यांनी मला इथेही गाठलं," हे तुझं वाक्य मी बेव मावशीला वाचून दाखवलं. ती हसता हसता ओटा धरून खाली बसली. मग डोळे पुसत म्हणाली, "सतरा वर्षं आत राहूनही जीभ तेवढीच तिखट." मी तिथे हसले नाही. नंतर गाडीत हसले.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. उंची पाच फूट नऊ; होय, तुझ्यापेक्षा जास्त. लग्न नाही. कुत्रा नाही, मांजर नाही. पूल तपासायचा म्हणजे दोराला लटकून, हातोडीने लोखंड ठोकत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं, कुजलेलं ठप्प वाजतं. भीती वाटत नाही. जानेवारीत बोटं बधिर होतात एवढंच.

माझं नाव का काढलंस तेही तू लिहिलंस. "तू दर रविवारी चार तास गाडी हाकत इकडे येणार, मग इथल्याच गावात कुठेतरी नोकरी धरणार, आणि चाळिशीला आलीस की माझ्याकडे बोट दाखवणार. मला तुझा खुंटा व्हायचं नव्हतं." हे मी दोनदा वाचलं. त्यावर माझं मत अजून ठरलेलं नाही. पण आठ वर्षं माझ्याकडे फक्त तर्क होते, आता कारण आहे. ते दिल्याबद्दल आभार.

परवानगीबद्दलही आभार. तुझी अट मान्य. तुला संत करणार नाही. मला ते जमणारही नाही.

थिया

१९ फेब्रुवारी

आई,

समितीची सुनावणी काल झाली. जे झालं ते क्रमाने लिहिते.

खोली लहान आणि नको इतकी गरम होती. सगळे बर्फातले बूट घालून आलेले, त्यामुळे जमिनीवर पाणी. प्रत्येकाला बोलायला तीन मिनिटं. माझ्या आधी आर्डिस ब्राख्ट बोलली. तिच्याबद्दल लिहू की नको असा विचार केला, पण तुला कळायला हवं.

तिने कागद आणला नव्हता. ती म्हणाली, "दुकान अजून मीच चालवते. पेट्रोल, आमिषाचे मासे, कॉफी. माझा नवरा लेस्टर जिथे पडला त्याच गल्ल्यामागे मी रोज उभी राहते. मला तिथून सुटका नाही. मग हिला का?" आणि जाऊन बसली. तीन मिनिटांतलं अर्धं मिनिटही तिने वापरलं नाही.

मग माझी पाळी. मी म्हटलं की माझी आई शॉना ऑस्टबी गाडी चालवत होती. तिने गोळी झाडली नाही. पण गोळी झाडणाऱ्या डेनीला तिथे तिनेच नेलं, तिच्याशिवाय तो त्या दिवशी तिथे पोचला नसता. हे मी नाकारत नाही. मग मी माझ्या कामाचं उदाहरण दिलं. पूल पडला तर आम्ही प्रत्येक तुळई वेगळी तपासतो, कोणती तुटली, कोणती वाकली, कोणावर किती भार होता. सगळं लोखंड एका ढिगात टाकून ‘सगळंच खराब’ असा अहवाल दिला तर माझी नोकरी जाईल. आजचा कायदा तसा अहवाल देतो.

समितीत सिनेटर वॉरेन टॉफ्ट होते. तुला ते शेरीफ टॉफ्ट म्हणून आठवत असतील. आता केस पांढरे झालेत, बाकी तसेच. त्यांनी माइक जवळ ओढला.

"पुलाला विधवा नसते, बाई."

दोघं-तिघं हसले आणि लगेच थांबले. मी म्हटलं, "नसते. पण पुलावरून जाणाऱ्यांना असते. म्हणूनच नीट तपासतो."

ते पुढे झुकून म्हणाले, "तुझ्या आईला बेड्या मी घातल्या. लेस्टर दर मंगळवारी माझ्याबरोबर पत्ते खेळायचा. हे तुला माहीत असावं म्हणून सांगतो."

"माहीत आहे. तुमचं नाव सगळ्या कागदांवर आहे."

"मग मी नाही म्हणणार हेही माहीत असेल."

"हो."

"आणि तरी सगळा वेळ माझ्याकडेच बघून बोललीस."

"समितीत तेवढे तुम्हीच जागे होता."

अध्यक्षबाई हसल्या. टॉफ्ट हसले नाहीत, पण त्यांनी माइक मागे ढकलला. पाच विरुद्ध चार मतांनी विधेयक पुढे गेलं, कलम नऊसकट. टॉफ्ट चारांत होते.

बाहेर हेल्मी माकींनी माझा हात धरला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत, माझ्या खांद्याला लागतात. म्हणाल्या, "पोरी, तू बर्फासारखी बोलतेस. चांगलंय. रडणारे इथे रोज येतात. हे लोक त्यांना रुमाल देतात आणि विरोधात मत देतात." आणि पिशवीतून राय धान्याच्या पावाचा अर्धा लोफ काढून माझ्या हातात कोंबला. तो मी परतीच्या वाटेवर नुसताच खाल्ला.

बेव मावशी तुला लिहील की मी रजेसाठी साहेबांशी भांडले. ती अतिशयोक्ती आहे. मी एकच अर्ज दोनदा दिला.

थिया

१३ एप्रिल

आई,

खालच्या सभागृहाने विधेयक मंजूर केलं, हे तुला बेव मावशीने फोनवर सांगितलंच. आता सिनेट राहिली. तिथे पस्तीस जण आहेत. हेल्मींच्या मोजणीप्रमाणे अठरा बाजूने, सतरा विरोधात. मे महिन्यात मतदान होईल असं त्या म्हणत होत्या.

पण गेल्या गुरुवारी हेल्मी सॉनाचं वाफेचं स्नान आटोपून बाहेर पडताना पायरीवर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली. काल मी भेटायला गेले, बेव मावशीने बटाटे-मांस भाजून केलेल्या हॉटडिशचं भांडं घेऊन. दवाखान्यात बाहेरचं चालत नाही असं नर्स म्हणाली. हेल्मी म्हणाल्या, "मग तू खोलीबाहेर जा, म्हणजे तुला दिसणार नाही."

मी बसले होते तेवढ्यात टॉफ्ट आले. हातात टोपी आणि लेकीने भाजलेल्या लिंबाच्या वड्यांचा डबा. मला पाहून दारात थबकले, मान हलवली, आत आले. मी उठायला लागले तर हेल्मी म्हणाल्या, "बस गं. हा काही चावत नाही, मत देताना सोडून."

थोडा वेळ ते दोघं खुब्यांबद्दल बोलले. मग हेल्मी म्हणाल्या, "वॉरेन, या आठवड्यात माझ्याशी जोडी बांधशील?"

"बांधतो."

"कशावर ते विचारलंही नाहीस."

"या आठवड्यात आहेच काय? शिकारीचे परवाने आणि शाळेच्या बस. मार्गिट जायच्या आधी महिनाभर मी घरी होतो, तेव्हा तू जोडी बांधलीस. तू विचारलं होतंस?"

"नव्हतं."

"मग झालं."

दोघांनी हात मिळवले. मार्गिट त्यांची बायको.

जोडी म्हणजे काय ते मी नंतर हेल्मींना विचारलं. ती त्यांच्या सिनेटची जुनी रीत आहे. आजारपणामुळे कोणाला हजर राहता येत नसेल, तर तो विरुद्ध बाजूच्या एखाद्याला विचारतो. तो हो म्हणाला की ज्या प्रश्नावर दोघांची मतं उलटी असतील तिथे त्याचंही मत मोजलं जात नाही. एकाच्या दुखण्याने पारडं झुकू नये म्हणून. हे कुठे लिहीत नाहीत, सही करत नाहीत. हात मिळवला की बांधील. आणि त्यातून सोडवू शकतो तो फक्त ज्याने मागितलं तोच.

मला ही व्यवस्था ढिली वाटली. ज्याचा कागद नाही त्यावर कोणी भार टाकू नये असं मी हेल्मींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "तू पूल बघ. माणसं मी बघते." मेपर्यंत चाकाच्या खुर्चीतून येईन, नाहीतर खाटेसकट उचलून न्यायला लावीन, असंही म्हणाल्या.

तू तळलेल्या कांद्याबद्दल विचारलंस. होय, मावशी हॉटडिशवर अजून तोच घालते.

थिया

१६ एप्रिल

आई,

हे मी विधानभवनाच्या वाहनतळावर गाडीत बसून लिहिते आहे.

काल दुपारी हेल्मींच्या मदतनिसाचा फोन आला. सिनेटचे नेते क्विल यांनी कामकाज बदललं. शाळेच्या बस पुढे ढकलल्या आणि आपलं विधेयक आजच्या दिवसावर आणलं. ते का, हे उघड होतं. हेल्मी दवाखान्यात, म्हणजे सतरा विरुद्ध सतरा, आणि बरोबरी झाली की विधेयक पडतं. एकदा पडलं की पुढची दोन वर्षं परत आणता येत नाही.

टॉफ्टनी रविवारी कोणाला शब्द दिलाय, हे क्विलना माहीत नव्हतं. त्यांनी कामकाज बदललं आणि मग त्यांना कळलं.

सकाळी मी सभागृहाबाहेरच्या कॉफीच्या रांगेत होते. माझ्यापुढे ते दोघं. क्विल आवाज खाली ठेवायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना तो ठेवता येत नाही.

"वॉरेन, तू बस समजून शब्द दिलास. याच्यावर नाही."

"मी आठवड्याचा दिला."

"तुला माहीत नव्हतं!"

"विचारलं नाही ही माझी चूक. तिची नाही."

"म्हातारीने तुला खिशात घातलंय."

"तिला काय स्वप्न पडलं होतं? कामकाज तू बदललंस, क्विल. शहाणपणा केलास, आता भोग. साखर दे इकडे."

"आर्डिस ब्राख्टला काय सांगणार आहेस?"

टॉफ्टनी साखरेची पुडी फाडली. पेल्यात साखर टाकून ढवळत राहिले. शेवटी म्हणाले, "जे तुला सांगितलं तेच. ती तुझ्यापेक्षा शांतपणे ऐकेल. किंवा नाही ऐकणार."

मग ते खिडकीशी गेले आणि त्यांनी फोन लावला. पलीकडचं बोलणं मला नंतर हेल्मींकडून फोनवर कळलं.

"हेल्मी, मला सोडतेस का?"

"नाही."

"बरं."

एवढंच. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही.

मतदान नावं पुकारून होतं, आडनावाच्या क्रमाने. टॉफ्टचं नाव शेवटाकडे. मी वर प्रेक्षकांच्या सज्जात होते, समोरच्या बाजूला आर्डिस. खाली कोण काय म्हणणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, तसंच होत गेलं. मी कठडा धरून बसले होते. कठडा ओकचा आहे, पक्का आहे, हे मी तपासलं होतं.

टॉफ्टचं नाव आलं. ते उभे राहिले. चष्मा काढला.

"सिनेटर माकी इथे असत्या तर त्यांनी होय म्हटलं असतं. मी नाही म्हटलं असतं. मी त्यांना शब्द दिला आहे. माझं मत मोजू नका."

आणि बसले. कोणीतरी खालून "लाज वाटू दे" असं म्हटलं. त्यांनी मान वळवली नाही.

सतरा विरुद्ध सोळा. मंजूर. कलम नऊ जसंच्या तसं.

सज्जातले लोक एकमेकांच्या गळ्यात पडले. एका अनोळखी बाईने माझंही डोकं छातीशी धरलं, मी धरू दिलं. समोर आर्डिस हातमोजे घालत होती, एकेक बोट नीट बसवत. ती कोणाकडेही न बघता गेली.

खाली कोट टांगायच्या जागी टॉफ्ट एकटेच होते. लोक त्यांना वळसा घालून जात होते. मी गेले.

"सर, आभार."

"मानू नकोस. मत बदललेलं नाही. हेच उद्या परत आलं तर मी नाही म्हणेन."

"माहीत आहे. मी मताबद्दल आभार मानत नाही."

"मग कशाबद्दल?"

"नीट सांगता येत नाही."

"तुला सांगता येत नाही असंही काही आहे तर." त्यांनी कोटात हात घातला. "तुझी आई न्यायाधीशाकडे जाईल तेव्हा मी तिथे येईन आणि विरोधात बोलेन. आत्ताच सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "या." त्यांनी दरोड्याच्या त्या संध्याकाळची आणखी एक गोष्ट सांगितली. ती आज लिहीत नाही.

आई, मला अशा लोकांचे आभार मानायची सवय आहे जे माझ्या बाजूचे असतात. बेव मावशी, हेल्मी. हा माणूस माझ्या बाजूचा नाही, होणार नाही, आणि आज त्याला स्वतःच्या गावात तोंड दाखवणं कठीण झालं आहे. हे कुठे ठेवायचं मला कळत नाही.

थिया

१० मे

आई,

राज्यपालांनी शुक्रवारी सही केली. हेल्मी चाकाच्या खुर्चीतून गेल्या होत्या आणि सहीचं पेन त्यांना मिळालं. ते त्यांनी माझ्या हातात दिलं आणि लगेच परत घेतलं. "बघायला दिलं, ठेवायला नाही," म्हणाल्या. मग हसून डोळे टिपले, आणि रुमाल माझा होता.

तुझा खटला घेतलेल्या वकीलबाई जूनमध्ये तुझा अर्ज लावायला तयार आहेत. त्या फी घेत नाहीत, याबद्दल मी त्यांना पत्र लिहिलं. त्यांनी उत्तरात एका पुलाचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं. तो पूल माझ्या जिल्ह्यातला नाही, पण भावना पोचली.

बेव मावशीने चर्चच्या तळघरात कॉफी ठेवली होती. चाळीस माणसं आली. ती सगळ्यांना सांगत होती, "माझी भाची पूल बांधते." मी म्हटलं, बांधत नाही, तपासते. ती म्हणाली, "गप्प बस आणि डोनट खा." तुझ्या बहिणीने मला नऊ वर्षांची असल्यापासून वाढवलं आणि एकदाही उपकार म्हणून सांगितलं नाही, हे मी तिला आजवर बोलून दाखवलं नव्हतं. काल भांडी पुसताना बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ताप आलाय का?" आणि बराच वेळ तेच भांडं पुसत राहिली.

तुझं पत्र मिळालं. अर्ज करायचा की नाही ते ठरलेलं नाही, असं लिहिलंस. त्याचं उत्तर आज देत नाही. मला आधी एकाला भेटायचं आहे.

थिया

३१ मे

आई,

तू लिहिलंस, "आर्डिस ब्राख्टला पुन्हा कोर्टात बसवून नवऱ्याचं मरण ऐकायला लावायचं, आणि कशासाठी, तर मला बाहेरची हवा मिळावी म्हणून. कायदा झाला, तुम्ही सगळ्यांनी एवढं केलंत, माझ्यासाठी तेवढं पुरे. बाकीच्या बायकांना त्याचा उपयोग होऊ दे."

हे चांगुलपणाचं आहे. मी त्याला हसत नाही. पण ते अपुऱ्या माहितीवर आधारलेलं आहे, म्हणून मी माहिती घेऊन आले आणि मग लिहिते आहे.

मतदानानंतर टॉफ्टनी मला जी गोष्ट सांगितली ती अशी. त्या संध्याकाळी नवा बर्फ पडला होता आणि ते दुकानाच्या आवारात सर्वांत आधी पोचले. टायरच्या खुणा स्पष्ट होत्या. तुमची पिकअप दारापाशी येऊन थांबली होती. मग ती तिथून निघाली होती. मोठ्या रस्त्याच्या तोंडाशी गेली आणि तिथे थांबली, चांगला वेळ थांबली, कारण धुराच्या नळीखालचा बर्फ वितळून काळी जमीन दिसत होती. मग वळून परत दाराशी आली. टॉफ्टनी फोटो काढले, अहवालात लिहिलं. खटल्यात त्याबद्दल कोणी एक शब्द विचारला नाही. विचारायची गरजच नव्हती. तू तिथे होतीस, एवढं कायद्याला पुरत होतं. ही सगळी माहिती सरकारी कागदांत आहे, म्हणून मी ती लिहू शकते असं वकीलबाई म्हणाल्या.

गेल्या शनिवारी मी टॉफ्टच्या घरी गेले. ते अंगणात होडी रंगवत होते. मंगळवारचा पत्त्यांचा डाव बंद आहे, ते सांगताना त्यांनी ब्रश थांबवला नाही. आर्डिसने महिनाभर त्यांना पेट्रोल दिलं, पण "बरं आहे ना" विचारलं नाही. मी तुझं म्हणणं त्यांना सांगितलं, की तू आर्डिससाठी अर्ज करणार नाहीस.

ते म्हणाले, "आर्डिससाठी? ती आली होती ना गेल्या आठवड्यात, इथे, तू उभी आहेस तिथे. मला वाटलं आता शिव्या खातोय. तर म्हणाली, वॉरेन, आता तरी कोणी विचारेल का तिला, ती परत का आली?"

आई, तिला त्या खुणा माहीत आहेत. टॉफ्टनी तिला तेव्हाच दाखवल्या होत्या. सतरा वर्षं ती गल्ल्यामागे उभी राहून त्या खिडकीतून तोच रस्ता बघते आणि तोच प्रश्न विचारते.

"आणि उत्तर वाईट निघालं तर?" मी टॉफ्टना विचारलं.

"तर वाईट निघेल. मला तसंच वाटतं, आणि मी तसंच सांगणार आहे. पण मला ते ठाऊक नाही. फक्त वाटतं."

मीही अंदाज करू शकते. गोळीचा आवाज ऐकून तू परतलीस, किंवा आवाज ऐकूच आला नाही म्हणून परतलीस. डेनीसाठी परतलीस, किंवा लेस्टरसाठी. किंवा कोणासाठीच नाही, एकटीने घरी जायचा धीर झाला नाही म्हणून. प्रत्येक अंदाजात तू वेगळी बाई होतेस, आणि त्यांतल्या एकीवर मी लहानपणी माया केली. कोणत्या, ते मला सांगता येत नाही. अंदाजावर मी सही करत नाही.

म्हणून अर्ज कर. सुटण्यासाठी नको करायचा असेल तर नको. सुटशीलच असं वकीलबाईही म्हणत नाहीत. पण सतरा वर्षांत पहिल्यांदा या राज्यात तुला विचारायची सोय झाली आहे की तू स्वतः काय केलंस. ती सोय करायला हेल्मींना मोडक्या खुब्याने फोनवर ‘नाही’ म्हणावं लागलं आणि टॉफ्टना भरल्या सभागृहात आपलं मत गिळावं लागलं. मी त्या दोघांची आयुष्यभर ऋणी आहे. तू गप्प राहिलीस तर आर्डिसचं रक्षण होणार नाही, ती फक्त आहे तिथेच उभी राहील.

वकीलबाईंची ताकीद आहे, उत्तर पत्रात लिहू नकोस. मलाही ते पत्रात नको आहे. तारीख बहुधा ऑगस्टमध्ये लागेल. टॉफ्ट येतील, विरोधात. हेल्मी काठी घेऊन येतील. बेव मावशी येईल, तिला गप्प बसवायची जबाबदारी माझी. मी रजेचा अर्ज दिला आहे, या वेळी एकदाच.

तू बोलायला उभी राहशील तेव्हा मला शोधू नकोस. मी असेन. आर्डिसकडे बघून सांग.

थिया